कुलूप शाबूत, कोंबड्या कमी: संगमेश्वर तालुक्यातल्या एका लोखंडी खुराड्याचं प्रकरण

घर संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतलं. मागे काजूची कलमं, त्यापलीकडे रान, बाजूने पऱ्या वाहतो. घरात नवरा-बायको, म्हातारे वडील आणि शाळेत जाणारी दोन मुलं. कोंबड्या आधीपासून होत्याच, पण त्या दिवसभर परसात फिरणाऱ्या आणि रात्री डालग्याखाली झाकल्या जाणाऱ्या दहा-बारा गावठी. मग घरधनिणीने, म्हणजे वहिनींनी, वनराजा आणि गिरिराजा या सुधारित जातींची पिल्लं आणली, संख्या चाळिसाच्या वर गेली, आणि तालुक्याच्या फॅब्रिकेटरकडून लोखंडी पिंजरा करून घेतला.

पिंजरा दिसायला भक्कम. गोठ्याच्या चिऱ्याच्या भिंतीला टेकून 20 फूट लांब, 10 फूट रुंद, 7 फूट उंच. दीड इंची चौकोनी पाइपचा सांगाडा, उघड्या तिन्ही बाजूंना दोन इंची चेनलिंक जाळी. अर्ध्या भागावर पत्रा आणि उरलेल्या अर्ध्यावर, पैसे संपल्यामुळे, मासे धरायचं जुनं नायलॉनचं जाळं. दाराला पितळी कुलूप. पहिला उन्हाळा निभावला. पाऊस लागला आणि कोंबड्या कमी व्हायला लागल्या.

मी तिथे पोचलो तेव्हा घरात दोन मतं होती. वडिलांच्या मते हे बिबट्याचं काम. त्यांच्या मुलाच्या, म्हणजे घरधन्याच्या मते कुठलंही जनावर असो, इलाज एकच: मीटरवरून एक तार ओढायची आणि रात्री पिंजऱ्यात लाइट सोडायची. "लोखंडच आहे, आयतं आहे," असं तो म्हणाला. त्यामुळे जनावराचा विचार बाजूला ठेवून आधी या लाइटचं बोलणं उरकावं लागलं.

लाइटचं काय

घरातला पुरवठा 230 व्होल्टचा. ओल्या अंगाचा विरोध साधारण हजार ओहम धरला तर शरीरातून जाणारा प्रवाह 0.23 अँपिअर, म्हणजे 230 मिलिअँपिअर येतो. माणसाचं हृदय बंद पाडायला एवढा प्रवाह पुरून उरतो. पण घरातला 6 किंवा 16 अँपिअरचा एमसीबी (हल्ली फ्यूजच्या जागी असतो तो, जादा प्रवाहाने आपोआप पडणारा स्विच) पडायला हा आकडा फारच लहान. "काही झालं तर फ्यूज जाईलच की," हा भरवसा त्यामुळे खोटा. फ्यूज तारा जळू नयेत म्हणून असतो, त्याला माणसाची काळजी नाही. पावसाळ्यात परसात अनवाणी गेलेलं पोर, दावं सोडून आलेलं वासरू, पहाटे पातेरा (वाळका पाला) गोळा करायला आलेली शेजारीण, यांतलं कोण पिंजऱ्याला हात लावेल याचा नेम नाही. अशा तारांनी महाराष्ट्रात दर पावसाळ्यात माणसं मरतात, आणि पुष्कळदा तार लावणाराच मरतो. विद्युत कायदा, 2003 खाली हा गुन्हा आहे. माणूस दगावला तर सदोष मनुष्यवधाचं प्रकरण होऊ शकतं, हे वेगळंच.

मग झटका मशीनची गोष्ट निघाली. सोलर झटका मशीन कुंपणात साधारण सेकंदाला एक, अगदी क्षणभराचा दणका सोडतं. व्होल्टेज मोठं, पण ऊर्जा मोजून-मापून कमी ठेवलेली. ते कायदेशीर आहे आणि रानडुकरांसाठी कोकणात बऱ्याच जणांनी लावलंय. पण ते पिंजऱ्याच्या सांगाड्याला जोडता येत नाही. सांगाड्याचे पाय जमिनीत आहेत, सगळा दणका तिथूनच जमिनीत उतरेल. त्यासाठी वेगळी तार हवी, प्लॅस्टिकच्या इन्सुलेटरवर, लोखंडापासून हातभर लांब, खालचं गवत सतत कापलेलं. चाळीस कोंबड्यांच्या परसासाठी हा उपद्व्याप मला पटत नाही.

हे बोलणं चालू असताना सहज पाइपला टेस्टर लावला. दिवा मिणमिणत पेटला. तार कोणी मुद्दाम लावली नव्हती. पिल्लांना ऊब मिळावी म्हणून आत 100 वॉटचा बल्ब टांगला होता. त्याची वायर पाइपला बाइंडिंग वायरने आवळून नेलेली, मधे एक सांधा, त्यावर सुटलेली इन्सुलेशन टेप. पावसाचं पाणी त्या सांध्यातून पाइपवर झिरपत होतं. घरधन्याला जे रात्री करायचं होतं ते थोड्या प्रमाणात आधीच झालेलं होतं, आणि वहिनी रोज सकाळी ओल्या हाताने तेच दार उघडत होत्या.

त्या संध्याकाळी बल्बचं कनेक्शन तोडलं आणि परवानाधारक वायरमनला बोलावलं. त्याने वायर प्लॅस्टिकच्या पाइपमधून भिंतीवरून आणली, सांगाड्याला कुठेही टेकू न देता. बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवला आणि सांगाडा अर्थिंगच्या सळईला जोडला. लोखंडी पिंजऱ्यात वीज न्यायची असेल तर या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात. नुसती अर्थिंग किंवा नुसता आरसीसीबी यावर भागवू नये.

कोण येतं

नुकसान तीन तऱ्हेचं होतं. घरच्यांनी ते एकाच खात्यात टाकल्यामुळे गोंधळ झाला होता. वहिनींना एकेक प्रसंग वेगळा सांगायला लावला.

दुपारी, घर सामसूम असताना, दोन तलंगा (तरुण कोंबड्या) दाराजवळ मेलेल्या सापडल्या. मानेशी चावा, बाकी अंग जसंच्या तसं. रात्री गेलेल्यांची गत निराळी: कोंबडी जाळीलगत पडलेली, मुंडकं गायब, एकदा तर एक पंख मुळापासून तोडलेला, आणि कुलूप, जाळी सगळं शाबूत. तिसरं म्हणजे खुडूक कोंबडीच्या खालची अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं जायची. ना पीस, ना रक्त, ना आरडाओरडा.

बिबट्या यात कुठेच बसत नाही. तो आला असता तर चेनलिंक फाटली असती, आणि अर्धी कोंबडी ठेवून तो गेला नसता.

पत्र्याच्या खालची जमीन कोरडी राहते. तिथे जाळीच्या बाहेरून हातभर पट्टा सपाट करून त्यावर रांगोळी पसरली. राखही चालते, पण रांगोळीत ठसा स्वच्छ उठतो. कुत्र्याच्या ठशात चार बोटं आणि नखं दिसतात. मांजराच्या कुळात चार बोटं, ठसा गोलसर, नखं आत ओढलेली. मुंगसाची पाच बोटं आणि पुढे नखांचे बारीक टिंब. कांडेचोराचीही (उदमांजराची) पाचच, पण पाऊल मोठं. साप गेला तर ठसा नसतो, नागमोडी पुसट रेघ असते.

दारासमोर दुपारच्या वेळी मुंगसाचे ठसे मिळाले. दाराखाली, जिथे जमीन उताराने खाली जाते, तिथे तीन इंचांची फट होती. फॅब्रिकेटरने दार काटकोनात केलं होतं, जमीन काटकोनात नव्हती. मुंगूस आत येऊन तलंग मारायचा, पण ती ओढून त्या फटीतून नेता येत नव्हती. म्हणून अंग मागे राहायचं. "मुंगूस रक्त पितो आणि मांस टाकतो" असं आपल्याकडे सांगतात. त्याच्या मुळाशी बहुतेक हेच असावं: शिकार दारातून बाहेर निघत नाही.

रात्रीचे ठसे दोघांचे होते, रानमांजर आणि कांडेचोर. दोघांपैकी कोणीही आत शिरलं नव्हतं. बसायची काठी जाळीला चिकटून बांधलेली होती. रात्री कोंबडीला दिसत नाही, ती जाळीला अंग टेकून निजते. बाहेरून दोन इंचांच्या भोकातून पंजा आत येतो, मान किंवा पंख पकडून ओढतो, आणि जेवढं भोकातून निघतं तेवढं निघतं. चेनलिंक कोंबडीला आत ठेवण्यासाठी असते, पंजाला बाहेर ठेवणं तिच्या कुवतीत नाही. हा फरक पिंजरा करताना कोणी बोलत नाही, कारण दुकानात जाळी फुटावर विकली जाते आणि भोकाचा प्रश्न निघतच नाही.

अंड्यांचा चोर धामण होती. तीही दोन इंची भोकातून आरामात आत-बाहेर करत होती. वहिनींनी एकदा पाठ पाहिली होती आणि नाग समजून घाबरल्या होत्या. नागही अंडी-पिल्लांना येतोच, त्यामुळे घाबरल्या ते ठीकच.

मुंगूस, रानमांजर, कांडेचोर, धामण, घोरपड ही सगळी वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहेत. फास, सापळा, विष यांतलं काहीही लावणं गुन्हा. पण कायदा घटकाभर बाजूला ठेवला तरी हिशेब जमत नाही. एक मुंगूस मारला तर त्याच्या हद्दीत दुसरा येतो, आणि फट तिथेच असते. धामण मारली तर उंदीर आणि घुशी वाढतात, मग त्यांच्या बिळांतून बाकीचे येतात. या पिंजऱ्याच्या भरावाच्या बाजूला घुशीचं बीळ होतंच, जाळीच्या बरोब्बर खालून. वडिलांनी त्यात झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या टाकायचं ठरवलं होतं. विष खाऊन मेलेली घूस कोंबड्या चोचीने फोडतात, कुत्रं खातं, घुबड उचलतं. सापांसाठी कुंपणाकडेने फोरेट या कीटकनाशकाचे दाणे टाकायची जुनी खोडही या भागात आहे. ते औषध 2020 च्या अखेरीपासून देशात बंद आहे, पण जुन्या पिशव्या माळ्यावर सापडतात. कोंबडीला त्या दाण्यात आणि खाद्यात फरक कळत नाही.

काय बदललं

पिंजरा मोडायचा नव्हता. सांगाडा चांगला होता. फटी आणि सांधे बदलायचे होते.

सर्वात आधी जे फुकटात होतं ते केलं. बसायच्या काठ्या जाळीपासून दीड हात आत घेतल्या. त्याच रात्रीपासून मुंडकी जाणं थांबलं. बाकी सगळं काम पुढे महिनाभर चाललं, पण सगळ्यात जास्त कोंबड्या या एका बदलाने वाचल्या असं माझं मत आहे.

मग जाळी. अर्ध्या इंची भोकाची, 16 गेजची, गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश (तारा वेल्ड करून जोडलेली जाळी), 3 फूट रुंदीची, म्हणजे जमिनीपासून 3 फुटांपर्यंत. तीन उघड्या बाजू मिळून 40 फूट, म्हणजे 50 फुटांचा एक गुंडाळा दारासकट पुरला. दुकानात "कोंबडी जाळी" म्हणून षटकोनी विणीची बारीक तारेची जाळी दाखवतात आणि ती स्वस्तही असते. कुत्रं ती दाताने फाडतं, आणि खाऱ्या दमट हवेत तिचा दोन पावसाळ्यांत भुगा होतो. वेल्डमेश चेनलिंकवरून, सांगाड्याच्या बाहेरच्या अंगाने लावली. बाहेरून ढकलणारं जनावर जाळी पाइपवरच दाबतं. आतून लावली असती तर प्रत्येक धक्क्याने ती पाइपपासून सुटत गेली असती. बाइंडिंग वायर फक्त जागेवर धरण्यापुरती वापरली. पक्कं केलं ते लोखंडी पट्टी वरून दाबून, दर 8 इंचांवर वॉशरसह स्क्रू मारून. जाळीची कापलेली टोकं पट्टीखाली गेल्यामुळे पोरांचे हात आणि कोंबड्यांचे तुरे दोन्ही वाचले.

खालची बाजू इथे अवघड होती. अर्धी जागा जांभ्याचा कातळ, अर्धी भराव. जाळी फूट-दीड फूट पुरा असं सगळे सांगतात, पण कातळात पुरणार कुठे? म्हणून दोन्हीकडे झालर घातली: एक इंची वेल्डमेशचा 2 फूट रुंद पट्टा, पिंजऱ्याच्या पायाशी जोडलेला, बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरलेला, वर माती आणि फुटके चिरे. उकरणारं जनावर नेहमी भिंतीच्या अगदी मुळाशी उकरायला लागतं. तिथे नखांना जाळी लागते. दोन फूट मागे सरकून भुयार काढावं हे त्याला सुचत नाही. कोपऱ्यात मात्र दोन पट्टे नुसते शेजारी ठेवून भागत नाही, एकावर एक वीतभर चढवावे लागतात. घुशीचं बीळ दगड-सिमेंटने बुजवलं, आणि खाद्याचं पोतं झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात गेलं. घूस कोंबड्यांसाठी येत नव्हती, सांडलेल्या कण्यांसाठी येत होती.

दाराखाली चिऱ्याचा उंबरा घातला, दार त्यावर बाहेरून टेकेल असा. चौकटीला आतून पट्टी मारली, म्हणजे बंद दाराभोवती बोटभरसुद्धा जागा उरत नाही. कुलपाचा उपयोग माणसापुरता. कुत्रं दाराच्या खालच्या कोपऱ्याला धक्के देतं आणि एकाच कडीचं दार तिथे वाकतं. म्हणून कड्या दोन झाल्या, एक वर, एक खाली.

नायलॉनचं जाळं काढायला घरच्यांचा विरोध होता, कारण ते फुकटचं होतं. पण गोठ्यावर झुकलेल्या फणसाच्या फांदीवरून कांडेचोराला त्या जाळ्यावर उतरणं सोपं होतं आणि नायलॉन तो कुरतडतो. शिवाय अशा जाळ्यात साप अडकतो. डोकं घालतो, खवल्यांमुळे मागे येता येत नाही, आणि पुढे ढकलत गेला की दोरा अंगात रुतत जातो. अडकलेली धामण सोडवणं एक, अडकलेला नाग सोडवणं दुसरं. ज्याच्या घरात मुलं अंडी काढायला जातात त्याने डोक्यावर हा धोका टांगू नये. तिथे एक इंची वेल्डमेश आली आणि फणसाची फांदी छाटली.

काम पिंजऱ्यापाशीच झालं, त्यामुळे वेल्डिंगच्या दिवशी कोंबड्या गोठ्यात हलवल्या आणि जमिनीवरचं भाताचं तूस आधी उचललं. ठिणगीला तेवढं पुरतं. गॅल्व्हनाइज्ड लोखंडावर वेल्डिंग केलं की जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो श्वासात गेला की रात्री थंडी-ताप भरतो. म्हणून सांध्याजवळचा लेप आधी घासून काढायचा, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभं राहायचं, आणि नंतर त्या उघड्या जागेवर झिंकचा रंग द्यायचा. नाहीतर कोकणात गंज तिथूनच सुरू होतो.

काम संपल्यावर झाडून घेतलं तरी तारेचे तुकडे आणि ग्राइंडरचा कीस राहतोच. चकाकणारी वस्तू दिसली की कोंबडी टिपते. टोकदार तार पोटातल्या दाणे दळणाऱ्या पिशवीत घुसते आणि जस्त रक्तात उतरून पक्षी झुरतो. घरात मोडका स्पीकर होता. त्यातलं लोहचुंबक दोरीला बांधून मुलांनी जमिनीवरून फिरवलं. निघालेला कचरा पाहून फॅब्रिकेटरही ओशाळला.

आता काय स्थिती आहे

रात्रीचं नुकसान थांबलं आहे. दिवसा एक तलंग गेली, वहिनी दाराला दगड लावून खाद्य आणायला गेल्या तेवढ्यात. मुंगूस लांब गेलेला नाही आणि जाणारही नाही. शिक्रा पिल्लं उचलतो, पण ती संध्याकाळी परसात सोडतात तेव्हाची. त्यावर वहिनींचा इलाज म्हणजे पिल्लं मोठी होईपर्यंत सोडायचीच नाहीत.

बिबट्याचा प्रश्न मी खुलेपणाने सांगितला. अशी जाळी त्याला थांबवत नाही. या वाडीत तो अजून कोंबड्यांवर आलेला नाही, पण पलीकडच्या वाडीत कुत्री गेली आहेत. म्हणून गोठ्याच्या आतल्या कोपऱ्यात चिऱ्याचं बंद खुराडं बांधून रात्री पक्षी तिथे घ्यायचे आणि लोखंडी पिंजरा फक्त दिवसासाठी वापरायचा, असं ठरलं आहे. चिरे येऊन पडले आहेत, गवंडी मिळत नाही. साप किंवा दुसरं जनावर आत अडकलेलं दिसलं तर स्वतः हात न घालता वनविभागाच्या 1926 क्रमांकावर फोन करायचा, हा आकडा वहिनींनी दाराच्या पट्टीवर खडूने लिहिला होता. पावसाने पुसला, तेव्हा ऑइलपेंटने लिहिला.

पत्र्याची उन्हाळ्यातली धग बाकी आहे. वरून चुना आणि नारळाच्या झापा टाकायच्या आहेत, पण झापांत उंदीर घरं करतात यावर घरात वाद आहे.

आणि एक नवीन भानगड. गोठ्याच्या भिंतीत पाणी जायला मोरीचं भोक होतं, ते कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. तिथून घोरपड आली आणि अंडी फोडून गेली. भोकाला अर्ध्या इंची जाळी मारली तर पातेऱ्याने तुंबतं आणि आत डबकं साचतं. शेवटी बाहेरच्या बाजूने जाळीचा एक खोका बसवला, पाला खोक्यावर अडकतो आणि पाणी खालून जातं. तो खोका दर आठवड्याला साफ करायचं काम थोरल्या मुलाकडे आहे, आणि त्याबद्दल तो अंड्यांच्या पैशातून आपला हिस्सा मोजून घेतो.